गुऱ्हाळ: गुळाचं आणि गप्पांचं

माझ्या आधी बोलणाऱ्यांनी वेळ पाळली आहे, तेव्हा मलाही पाळावी लागेल. विषयच असा घेतलाय की लांबलो तर तुम्हीच म्हणाल, ‘झालं, लावलं ह्यानं गुऱ्हाळ.’ (हशा)

तर आजचा शब्द तोच. गुऱ्हाळ. आणि त्याच्या बरोबरीनं आपण रोज वाचतो तो वाक्प्रचार, ‘चर्चेचं गुऱ्हाळ’. मला ह्या वाक्प्रचाराची समीक्षा करायची आहे. एखाद्या कथेची किंवा नाटकाची करतात तशीच. तो काय दाखवतो, काय लपवतो, कुणाच्या बाजूनं बोलतो, हे बघायचं. आणि ते कोल्हापुरात बघायचं, कारण जिथं अजून खऱ्या गुऱ्हाळाचा धूर दिसतो तिथं ह्या शब्दाची परीक्षा घेता येते. पुण्या-मुंबईत बसून ती घेता येणार नाही.

आधी ह्या शब्दाचं भावकीचं घर बघू. मराठीत निरर्थक बोलण्याला, लांबण लावण्याला, थापेला जे शब्द आहेत त्यातले कितीतरी स्वयंपाकघरातून नाहीतर शेतातून आलेत. बघा, ‘काय दळण दळतोयस?’ हे जात्यावरून आलं. ‘विषयाचा चोथा केला’ म्हणजे चावून चावून रस संपवला. ‘शिळ्या कढीला ऊत’ तर सगळ्यांना माहीत. अंदाज ‘फोल’ ठरला म्हणतो, तेव्हा धान्य पाखडल्यावर उरणारं फोलपट आपल्या मनात नसतं, पण शब्दात ते आहे. विनोद पाणचट असतो, भाषण अळणी असतं, कविता मिळमिळीत असते. दोघांनी गुपचूप संगनमत केलं की त्यांचं ‘गुळपीठ’ जमतं. गूळ आणि पीठ एकत्र मळलं की वेगळं काढता येत नाही, इतकं नेमकं आहे ते. आणि आपल्याकडे कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर कुणी फार फेकायला लागला की त्याला म्हणतात, ‘पुड्या सोडू नको.’

ह्या सगळ्यांत माझा आवडता शब्द ‘लोणकढी’. लोणकढं तूप म्हणजे लोणी कढवून नुकतंच काढलेलं, ताजं, रवाळ. आणि ‘लोणकढी थाप’ म्हणजे तिथल्या तिथं, ताजी ताजी तयार केलेली थाप. ज्या कुणी बाईनं किंवा बुवानं हा शब्द पहिल्यांदा थापेला लावला, त्यानं चुलीपुढे बसून लोणी कढताना बघितलेलं आहे. एक गोष्ट आणखी. लोणकढं तूप वाईट नसतं, उलट उत्तम असतं. त्यामुळे ‘लोणकढी’ म्हणताना थापाड्याच्या कसबाला थोडी दादही जाते. शिवी देताना पदार्थाचा अपमान होत नाही.

परदेशातही हा प्रकार आहे. अमेरिकेत निरर्थक बडबडीला ‘बलोनी’ म्हणतात. तो शब्द इटलीतल्या बोलोन्या शहराच्या नावाच्या सॉसेजवरून आला असं मानतात. फ्रेंच माणूस थापा मारायला लागला की तो ‘सॅलड सांगतो’. इंग्रजीत फालतू लिखाणाला ‘ट्राइप’ म्हणतात, म्हणजे जनावराची वजडी. आता वजडी आपल्याकडे चवीनं खातात, तिला फालतू म्हणायची आपली छाती होणार नाही. (हशा) पण बोलोन्याचं मला वाईट वाटतं. एका शहरानं शेकडो वर्षं एक पदार्थ नावारूपाला आणला आणि समुद्रापलीकडे त्या नावाचा अर्थ झाला ‘काहीतरीच’.

कोल्हापूरचं तसं होतंय का, हा माझा प्रश्न.

कोल्हापूर म्हणजे गूळ, हे समीकरण आपोआप झालेलं नाही. राजर्षी शाहूंनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. पुढं मार्केट यार्ड झालं. आजही दिवाळी पाडव्याला गुळाच्या सौद्याचा मुहूर्त होतो. इथला माल गुजरातला जातो, तिथं तो साठवून वर्षभर विकतात. ऊस आणि गुळासाठी वेगळं संशोधन केंद्र कोल्हापुरात आहे. २०१४ मध्ये ‘कोल्हापुरी गूळ’ला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे कायद्यानं ह्या नावाला कुंपण घातलं. पण भाषेत ‘गुऱ्हाळ’ ह्या शब्दाला कसलंच कुंपण नाही.

आता खऱ्या गुऱ्हाळात चला. ज्यांनी बघितलंय त्यांनी माझ्या चुका मनातल्या मनात काढा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गुऱ्हाळं लागतात आणि उन्हाळा चढेपर्यंत चालतात. चरकावर ऊस पिळतात. पूर्वी चरकाला बैल असायचे, नंतर इंजिन आलं, मग वीज. रस काहिलीत येतो. काहिलीखाली चुलवाण, त्यात उसाचीच वाळलेली चिपाडं जाळायची. म्हणजे ज्याचा रस काढला त्याच्याच चोथ्यावर तो रस शिजवायचा. तापायला लागलं की वर मळी येते. ती सुटून यावी म्हणून रानभेंडीचा चिकट रस घालतात आणि मळी काढून टाकतात. मग उकळायचं, उकळायचं, उकळायचं. उसाच्या रसात जवळजवळ ऐंशी टक्के पाणी असतं. ते सगळं हवेत जायला पाहिजे. एका टन उसाला साधारण १०० ते १२० किलो गूळ पडतो, बाकी सगळं वाफ, मळी आणि चिपाड.

ह्या सगळ्याचा मालक कोण? गुऱ्हाळाचा मालक नव्हे. गुळव्या. काहिलीतल्या बुडबुड्यांचा आकार, रंग, वास, फावड्यावरून ओघळणारी तार हे सगळं बघत तो उभा असतो. थेंबभर पाक गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी गोळी होते का बघतो. लवकर उतरवलं तर काकवी होईल, रवा बसणार नाही. थोडं थांबलं तर करपून काळा पडेल. ११८ ते १२० अंशांच्या आसपासचा तो क्षण आहे. थर्मामीटर असला तरी खरा भरवसा गुळव्याच्याच नजरेवर. त्यानं ‘उतरा’ म्हटलं की चार माणसं पळत येऊन काहील ओततात. वाफ्यात गूळ गार करतात, ढवळतात, भांड्यात भरतात. एक आधण संपलं. अडीच-तीन तासांत. मग पुढचं.

इथं वाक्प्रचाराची पहिली चूक हाती लागते. ‘चर्चेचं गुऱ्हाळ’ म्हणताना आपल्याला काय म्हणायचं असतं? संपत नाही, त्यातून काही निघत नाही. आणि गुऱ्हाळात काय असतं? प्रत्येक आधणाला शेवट असतो, आणि तो शेवट ओळखणं हेच तिथलं सगळ्यात मोठं कसब. शिवाय दर आधणाला ढेप निघते. ती मोजता येते, तोलता येते, सौद्याला लावता येते. म्हणजे हा वाक्प्रचार गुऱ्हाळाच्या दोन्ही मुख्य गोष्टी उलट्या करून सांगतो. ‘दळण’ तसं करत नाही. दळण खरोखरच रोजचं असतं, आज दळलं तरी उद्या परत दळायचं. ‘लोणकढी’ तसं करत नाही. ‘गुऱ्हाळ’ मात्र करतं. रूपक म्हणून ते कच्चं उतरवलेलं आहे.

मग ते आलं कुठून? काही जण म्हणतील चरकाच्या बैलावरून, गोल गोल फिरण्यावरून. मला ते पटत नाही. त्यासाठी मराठीत ‘घाण्याचा बैल’ आधीच हजर आहे, आणि तो राबणाऱ्या माणसाला लावतात, बोलणाऱ्याला नाही. दुसरं, रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर. त्याला रोज तोच धूर दिसतो, तीच चिपाडं, तीच माणसं. आत दहा आधणं उतरली असतील, बाहेरून एकच न संपणारं गुऱ्हाळ. शहरातल्या संपादकाला हा शब्द इतका का आवडला, ह्याचं उत्तर ह्यात नक्की आहे.

पण माझा कौल तिसऱ्या बाजूला आहे. गुऱ्हाळावर खरोखरच गप्पा चालत. थंडीच्या रात्री गावात उबेची जागा एकच, चुलवाणाजवळ. ज्याचा ऊस पाळीला लागलाय तो बसून. ज्याची पाळी उद्या आहे तोही आजच येऊन बसलेला. वाटेनं जाणारा पाहुणा आला तर त्याला तांब्याभर रस मिळणार, लहान पोराला उसाच्या कांड्यावर गरम गूळ. कुणाला नाही म्हणायची रीत नव्हती. काहिलीचं काम गुळव्याला आणि जाळ घालणाऱ्याला, बाकीच्यांना बोलण्याशिवाय काम काय? शेजारचा बांध, पोरीचं स्थळ, सोसायटीचं कर्ज, तमाशाचा फड, सगळं तिथं निघायचं. म्हणजे ‘गप्पांचं गुऱ्हाळ’ हे मुळात रूपकच नसावं. ते वर्णन असावं. गुऱ्हाळावरच्या गप्पा. आणि त्यात तिरस्कार नसून ऊब असावी.

हे वाचन मानलं तर वाक्प्रचाराचा प्रवास स्पष्ट दिसतो. ‘गप्पांचं गुऱ्हाळ’ अजूनही आपण प्रेमानं म्हणतो. जुने मित्र भेटले, रात्रभर गप्पांचं गुऱ्हाळ रंगलं. इथं कुणाला राग येत नाही. ‘चर्चेचं गुऱ्हाळ’ म्हटलं की मात्र आवाज बदलतो. एकाच शब्दाचे दोन स्वर. गप्पा झाल्या तर गुऱ्हाळ रंगतं, चर्चा झाली तर गुऱ्हाळ संपतच नाही! निरुद्देश बोलणं गोड, आणि निर्णयासाठीचं बोलणं फुकट. हे उलटं आहे असं तुम्हाला नाही वाटत?

आता जरा बातम्यांकडे वळू. दर निवडणुकीला मथळा ठरलेला, ‘जागावाटपाचं गुऱ्हाळ सुरूच’. २०१९ मध्ये निकाल लागून महिना उलटला तरी सरकार होईना, तेव्हा हा शब्द किती वेळा छापून आला असेल ते मोजायला बसलो नाही, पण वीट आला होता. तिथं तो चालून जातो. बंद खोलीत चाललेल्या घासाघिशीला तुम्ही काहीही म्हणा, मला दुःख नाही. मी तर म्हणेन तिथं ‘गुळपीठ’ जास्त बरोबर बसेल. (हशा)

दुःख आहे ते आपल्या घरच्या दोन उदाहरणांचं.

पहिलं, सर्किट बेंच. मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ कोल्हापुरात हवं ही मागणी चाळीस वर्षांहून जुनी. वकिलांनी काम बंद ठेवलं, मोर्चे काढले, उपोषणं केली, सहा जिल्ह्यांच्या परिषदा घेतल्या, सरकारं बदलली, मुख्य न्यायमूर्ती बदलले. ह्या काळात ह्या सगळ्याला ‘खंडपीठाचं गुऱ्हाळ’ म्हणून हिणवणारे लोक ह्याच शहरात होते. ‘काय होणार नाही हो, नुसतं गुऱ्हाळ आहे.’ कोर्टाच्या आवारातल्या चहाच्या टपरीवर हे वाक्य सहज ऐकू यायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच सुरू झालं. सिंधुदुर्गातल्या, सोलापुरातल्या पक्षकाराची मुंबईची खेप वाचली. म्हणजे ते गुऱ्हाळच होतं, खऱ्या अर्थानं. चाळीस वर्षं आधण चालू होतं आणि शेवटी ढेप पडली. हिणवणाऱ्यांना शब्द बरोबर सापडला होता, अर्थ तेवढा सापडला नव्हता.

दुसरं उदाहरण नाजूक आहे, इथं दोन्ही बाजूंची माणसं बसली असणार. हद्दवाढ. १९७२ मध्ये कोल्हापूरची नगरपालिका जाऊन महानगरपालिका आली, आणि हद्द तीच राहिली, ६६.८२ चौरस किलोमीटर. तेव्हापासून प्रस्ताव येतात, समित्या बसतात, गावं बंद पाळली जातात, प्रस्ताव परत जातात. शहरातला माणूस वैतागून म्हणतो, हद्दवाढीचं गुऱ्हाळ किती दिवस? त्याचा वैताग मला कळतो. शहराला जागा पाहिजे, निधी पाहिजे. माझं मत विचाराल तर काही गावांबाबत त्याची बाजू मजबूतही आहे. पण विरोध कुणाचा आहे बघा. भोवतालच्या गावांचा. त्यांची भीती घरफाळ्याची आहे, शेतजमिनीवर पडणाऱ्या आरक्षणाची आहे, ग्रामपंचायत जाण्याची आहे. ती भीती खरी की खोटी हे ज्यानं त्यानं तपासावं. तपासायचं तर ऐकावं लागतं. ‘गुऱ्हाळ’ हा शब्द ऐकण्याच्या आधीच दार लावतो. आणि त्यातली काही गावं उसाची आहेत, त्यांच्या शिवारात गुऱ्हाळं होती, एखादं अजून असेल. म्हणजे ज्या माणसाच्या हातचा गूळ आपण खाल्ला, त्याच्या म्हणण्याला उडवून लावायला आपण त्याच्याच कामाचं नाव वापरतो. ह्यात कुणाचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. शब्द हेतू विचारून काम करत नाहीत.

एक करून बघा. हा शब्द कुणी स्वतःच्या चर्चेला लावतो का? बेळगावच्या माणसासमोर ‘सीमाप्रश्नाचं गुऱ्हाळ’ म्हणून बघा. १९५६ पासूनचा प्रश्न, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा. लांबण म्हणाल तर ह्याच्याएवढी लांबण दुसरी नाही. पण तिथं तो शब्द तुमच्या तोंडून निघणार नाही, आणि निघाला तर पुढचं मी सांगायला नको. गुऱ्हाळ नेहमी दुसऱ्याचं असतं.

आता वाङ्मयाकडे थोडं. ह्याच जिल्ह्यातल्या कागलचे आनंद यादव. त्यांची ‘गोतावळा’ १९७१ ची. मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि नारबा नावाच्या गड्याचा जनावरांचा गोतावळा एकेक करून तुटतो, अशी ती कादंबरी. तिची भाषा सबंध नारबाची आहे, आणि तिथंच तिचं बळ आहे. जनावर गेलं की त्याच्याभोवतीचे शब्दही बेवारस होतात, हे ती न सांगता दाखवते. गुऱ्हाळाचं तसंच चाललंय, फरक एवढाच की इथं वस्तू जातेय आणि शब्द मात्र जोरात आहे. ऊस साखर कारखान्याला घातला की तोडणी-वाहतुकीची कटकट कमी, दराची हमी. गुऱ्हाळाला मजूर मिळत नाहीत, चुलवाणापुढं उभं राहायला तरणी पोरं तयार नाहीत, आणि त्यांना दोष कसा द्यायचा? त्या जाळापुढं एक तास उभं राहून बघा. बाजारात साखर गुळापेक्षा स्वस्त झाली की काही जण काहिलीत सरळ साखर ओततात, रंग पिवळाधमक यावा म्हणून हायड्रॉस घालतात. गिऱ्हाइकालाही पिवळाच गूळ पाहिजे असतो, काळपट दिसला की नाक मुरडतो. मग प्रामाणिक गुऱ्हाळवाला मागं पडतो.

आणि इथं मला ह्या वाक्प्रचाराचा एक उपयोग सुचतो, टीकाकार म्हणून. वाहिनीवरची रात्री नऊची चर्चा. सहा चौकोनांत सहा तोंडं, वीस मिनिटांत निकाल. तिला लोक गुऱ्हाळ म्हणतात. ती गुऱ्हाळ कुठं आहे? तिथं मळी कुणी काढत नाही, पाणी आटवायला कुणी थांबत नाही. तो साखर घातलेला, हायड्रॉस मारलेला गूळ आहे. दिसायला पिवळा, बसतो लवकर, आणि चवीला नुसता गोड. खऱ्या चर्चेला वेळ लागणार, कारण तिच्यात ऐंशी टक्के पाणीच असतं. माझ्याही व्याख्यानात तेवढं असेल. ते उडून जाईपर्यंत कुणीतरी जाळ घालत राहायला लागतं, आणि एक गुळव्या लागतो. विधानसभेत, महापालिकेच्या सभेत, ग्रामसभेत आज नेमका तोच दिसत नाही. बोलणारे भरपूर, जाळ घालणारेही भरपूर, ‘आता उतरा’ म्हणणारा कोण?

वेळ झाली अशी खूण येतेय. एक-दोन प्रश्न घेतो.

(श्रोत्यांतून एका ताईंनी विचारलं: मग हा शब्द वापरायचाच नाही का?)

वापरा की, ताई. शब्दावर बंदी घालणारा मी कोण? मी फक्त म्हणतो की वापरताना विचारा, ह्या चर्चेतून काय निघायला पाहिजे होतं आणि ते कुणी अडवलं. नुसता कंटाळा आला असेल तर मराठीत ‘दळण’ आहे, ‘चऱ्हाट’ आहे, ‘पाल्हाळ’ आहे, हवं ते उचला.

(मागच्या रांगेतून एक काका: आमचं गुऱ्हाळ होतं. गप्पा मारणारे बसायचे, पण आधण उतरताना कुणी बोलायचं नाही. गुळव्या शिव्या द्यायचा.)

बघा, हे मला माहीत नव्हतं. काका, कार्यक्रम संपला की जाऊ नका, तुमच्याशी बोलायचंय. कुठल्या शिव्या द्यायचा तेही सांगा, इथं माईकवर नको. (हशा)